आधी जुलैचे आवाज

मे महिन्यात आमच्या घरचा कम्प्युटर बंद पडला. म्हणजे दिवा लागत होता, आतला पंखा फिरत होता, पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ येऊन तिथेच थांबत होती. यंत्राला त्याची हार्ड डिस्क सापडत नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ. मी तीनदा चालू-बंद करून पाहिला. तिन्ही वेळा तीच ओळ आली, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला सांगितलं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि विचारलं, "आवाज त्याच्यातच आहेत ना?"

"त्याच्यातच."

ती बाहेर आली, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली आणि ती ओळ वाचत राहिली.

हे आवाज म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्ही राहतो घाटंजीत. तिथून आत, डोंगराच्या कडेला कोलाम आदिवासींचं एक पोड आहे. पोड म्हणजे त्यांची लहानशी वस्ती. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत तिने सोळा वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. ती मूळची कळंबची, घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. पहिल्या वर्षी ती शाळेत रुजू झाली तेव्हा वर्गातली मुलं तिच्याशी एक शब्द बोलत नव्हती. 'मुले बुजरी आहेत' असं तिला आधीच सांगण्यात आलं होतं. पण शाळा सुटली की हीच मुलं नाल्यापर्यंत आरडाओरडा करत जायची, आणि नाल्याच्या पलीकडूनही त्यांची बडबड ऐकू यायची. एके दिवशी घरी येऊन ती मला म्हणाली, "मुलं बोलतेत हो. आपल्यालेच समजत नाई."

मग तिने एक पद्धत सुरू केली. जुलैत, शाळा नुकतीच लागलेली असताना, पहिलीतल्या एकेका मुलाला ती शाळेच्या पायरीवर शेजारी बसवायची आणि मनात येईल ते सांग म्हणायची. मूल घरच्या कोलामी भाषेत बोलायचं. बकरीबद्दल, मोह वेचायला गेल्याबद्दल, भावाने मारल्याबद्दल. ती ते रेकॉर्ड करायची. मार्चमध्ये, वर्ष संपता संपता, त्याच मुलाला त्याच पायरीवर बसवून पुन्हा रेकॉर्ड करायची, या वेळी मराठीत. फाइलला मुलाचं नाव द्यायचं, जुलैच्या नावापुढे एक, मार्चच्या नावापुढे दोन. सुरुवातीला एक छोटा रेकॉर्डर होता, पुढे मोबाइल आला. मोबाइल भरला की सगळं कम्प्युटरमध्ये.

जुलैचे आवाज ती घरी आणून ऐकायची. पहिली दोन-तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी कोलामी मुलं बोलत असत. ती भाकरी थापता थापता एखादं वाक्य थांबवून पुन्हा लावायची, तोंडातल्या तोंडात म्हणायची, पुन्हा लावायची. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तेच वाक्य मुलांपुढे म्हणायची. मुलं हसायची. हसता हसता चूक सुधारून द्यायची. अशा रीतीने पहिलीच्या मुलांनी तिला शिकवलं, आणि मग तिने त्यांना. मी पंचायत समितीत सांख्यिकीचं काम करतो, माझा दिवस आकड्यांत जातो. तिची ही पद्धत मला पहिल्यांदा कळली तेव्हा वाटलं की यात मोजण्यासारखं काही नाही. नंतर मी मोजलं. जुलैचे आवाज एकशे अठ्ठावन्न आणि मार्चचे एकशे एकेचाळीस. मार्चचे कमी, कारण काही मुलं तोवर आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी गेलेली असायची.

या उन्हाळ्यात तिची बदली झाली. तिच्या जागी नवी लागलेली एक तरुण शिक्षिका येणार होती. महागावकडची मुलगी. भेटायला घरी आली तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, मला कोलामी बिलकुल येत नाही. मला भीती वाटते." पत्नी म्हणाली, "मलाही येत नव्हतं. मी तुम्हाला माझे मास्तर देते." हे मास्तर म्हणजे ते जुलैचे आवाज. जूनअखेर शाळा उघडायच्या आत ते सगळे त्या मुलीच्या मोबाइलमध्ये भरून द्यायचे ठरलं होतं. आणि कम्प्युटर म्हणत होता की डिस्कच नाही.

दुसरी प्रत होती. मागे मी स्वतः सगळ्याच्या सीड्या करून एका डब्यात ठेवल्या होत्या. डबा काढला तर सीड्यांच्या वरची चकाकी पापुद्र्यांनी सुटली होती. आमच्या वरच्या माळ्यावर उन्हाळ्यात काय होत असेल, याचा हिशेब मी केला नव्हता. एकही सीडी उघडली नाही.

बिघाड शोधण्याची माझी एक रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि काम झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही. त्याप्रमाणे मी कम्प्युटरचा डबा उघडून आधी डिस्कची केबल बदलली. तीच ओळ. मग डिस्कला वीज देणारी वायर काढून सीडीच्या खणाची वायर लावली. तीच ओळ. मेमरीची पट्टी काढून पुसून बसवली. मुख्य पाटीवरचा, म्हणजे मदरबोर्डवरचा, बटणासारखा सेल नवा आणला. घड्याळ बरोबर चालायला लागलं, ओळ तीच. शेवटी डिस्क हातात धरून चालू केली, तर तळहाताला बारीक थरथर जाणवत होती. म्हणजे आतली चकती फिरत होती. फिरते आहे, पण आपण आहोत हे सांगत नाही.

पत्नी दारात उभी राहून हे सगळं पाहत होती.

"अजून काय काय तपासाचं राह्यलं?" तिने विचारलं.

"दोन गोष्टी आहेत."

"तुम्ही त्या दोन तपासून अजून चार काढान. भाईकडे नेऊ."

भाई म्हणजे ज्याने आम्हाला हा कम्प्युटर जोडून दिला होता, तो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. त्याचे वडील रेडिओ आणि लग्नाचे भोंगे दुरुस्त करायचे, त्याच जागेत हा कम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्याच वयाचा. बोलायला अघळपघळ, आणि आपण सगळं जाणतो अशी त्याची खात्री असते. बऱ्याचदा ती खरीही ठरते.

सकाळी लवकर जायचं म्हणत होतो, पण निघेपर्यंत उन्हाने रस्ता पेटला होता. मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मधे तो डबा, चादरीत गुंडाळलेला आणि खाली उशी. पत्नीने तो दोन्ही हातांनी धरला होता. वाटेत ओळखीच्या एकाने हाक मारून विचारलंच, "काय मास्तरीणबाई, कोणाले दवाखान्यात नेऊन राह्यले?" तिने हसून नुसती मान हलवली.

भाईने चादर सोडली आणि डब्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "अरे बापा. हे अजून जिंदा हाय? हे म्या तुमाले इकलं तवा माह्या डोक्यावर केस होते."

"केस गेले, कम्प्युटर राहिला," मी म्हणालो.

"मंग वहिनी, तुमी याले इथं कायले आणलं? माह्या केसाइले आनाचं होतं." असं म्हणत त्याने स्क्रू काढायला सुरुवातही केली होती. मी काय काय तपासलं ते त्याला क्रमाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि तरी केबल बदलून एकदा स्वतः पाहिलं. "तुमच्यावर भरोसा हाय भाऊ, पन केबलवर नाई," म्हणाला. ओळ तीच.

मग त्याने डब्यात वाकून टॉर्च मारली आणि बोटाने आतल्या पत्र्यावर रेघ ओढली. बोटाला पांढरी पूड लागली. त्याने ती दोन बोटांत चोळली, जिभेला लावून पाहिली, थुंकला.

"तुमच्या घरी बोरिंगचं पानी हाय?"

"हो."

"कूलर कुठी हाय? खिडकीत?"

"खिडकीत."

"आन हा कम्प्युटर?"

"कूलरच्या समोर," पत्नी म्हणाली.

आमच्याकडे ज्याच्या घरी कम्प्युटर आहे, त्याच्या घरी तो कूलरच्या समोरच असतो. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर, आणि कूलरच्या झोतात जी घरातली सर्वांत चांगली जागा असते, ती पाहुण्याला किंवा कम्प्युटरला. यंत्र तापू नये म्हणून. आम्ही तर दुपारी जेवायला बसलो तरी झोत त्याच्याकडेच ठेवायचो. पण कूलर जी हवा देतो ती ओली असते, आणि बोरिंगच्या पाण्यातले क्षार त्या ओल्या हवेबरोबर बारीक उडून जिथे जातील तिथे बसतात. इतके उन्हाळे आम्ही मोठ्या आपुलकीने त्या डब्यात खारं पाणी फुंकत होतो.

भाई हातात टॉर्च धरून तसाच उभा होता. मग म्हणाला, "कम्प्युटर कूलरसमोर ठेवजा, हे म्याच सांगतलं होतं ना तुमाले?"

मी पत्नीकडे पाहिलं. तिने खरं तेच सांगितलं. "हो, तुम्हीच सांगितलं होतं."

"तुमालेच नाई वहिनी. सगळ्याइले सांगतलं. अर्ध्या घाटंजीले." त्याने मान वळवून स्वतःच्या दुकानाकडे पाहिलं. कोपऱ्यात त्याचा मोठा कूलर घरघरत होता आणि त्याच्या थेट झोतात, टेबलावर ओळीने, लोकांचे दुरुस्तीला आलेले डबे मांडलेले होते. त्याने जाऊन कूलर बंद केला. दुकानात एकदम शांत झालं, आणि मग उकाडा आला.

डिस्कच्या पोटाशी एक हिरवी पाटी असते, तारकेच्या आकाराच्या बारीक स्क्रूंनी घट्ट बसवलेली. बाहेरची वीज आणि माहिती त्या पाटीतून आत जाते. भाईने ते स्क्रू काढले, पाटी उलटी केली आणि आम्हाला दाखवली. जिथे पाटी आणि डिस्क एकमेकांना टेकतात, तिथे चमकदार ठिपक्यांची ओळ असायला हवी होती. ते ठिपके काळपट हिरवे पडले होते, तांब्याच्या न घासलेल्या भांड्यासारखे.

"आत बसलेला मानूस ठीक हाय," भाई म्हणाला. "दरवाजा गंजला. याले घासाले नरम खोडरबर पायजे. माह्याकडचा कडक झाला."

पत्नीने पर्समधून पांढरा खोडरबर काढून दिला. पहिलीच्या शिक्षिकेच्या पर्समध्ये तो असतोच.

त्याने एकेक ठिपका घासला. जोर न देता, एकाच दिशेने, मधूनमधून फुंकर न मारता ब्रशने पूड झटकत. फुंकर का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तोंडातनं बी कूलरच निंगते भाऊ." मला त्याचं हे काम पाहायला आवडत होतं. एवढा बोलका माणूस, पण हात चालू असताना हात सोडून दुसरीकडे पाहत नव्हता. सगळे ठिपके पिवळे चमकायला लागल्यावर त्याने पाटी बसवली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले आणि डिस्क आमच्या कम्प्युटरला न लावता त्याच्या स्वतःच्या कम्प्युटरला जोडली.

पडद्यावर डिस्कचं नाव आलं. मग तिच्या आतली कप्प्यांची यादी आली, सोळा वर्षांची.

मी पत्नीचा खांदा धरला. ती हसली, पण भाई हसत नव्हता. तो डिस्कला कान लावून होता. "आताच खुश नोका होऊ," तो म्हणाला. "दरवाजा उघडला, पन घर बी म्हातारं झालं. मधूनच अडखळते हे. कधी बंद पडन सांगता येत नाई, आन एकदा पडली तं मंग म्या काही करू शकत नाई. सगळंच्या सगळं एका दमात काढाले गेलो तं भरोसा नाई. म्हणून आधी काय काढू, ते मले सांगा. जे गेलं तरी चालते, ते शेवटी."

डिस्कवर इतरही बरंच होतं. लग्नांचे फोटो, माझे कार्यालयाचे जुने तक्ते. त्यांचं नावही कोणी काढलं नाही. मला उत्तर सोपं वाटत होतं, आणि ते मी लगेच सांगितलं. "आधी मार्चचे."

पत्नीने माझ्याकडे पाहिलं.

"तुझं काम मार्चमध्ये आहे," मी म्हणालो. "जुलैत मूल जे बोलतं ते घरून घेऊन आलेलं असतं. मार्चमध्ये जे बोलतं ते तू शिकवलेलं. सोळा वर्षांचा तुझा निकाल तो आहे. उद्या कोणी विचारलं की त्या शाळेत तुम्ही काय केलं, तर दाखवायला तेच आहे." माझ्या मते हे अगदी बरोबर होतं, आणि हिशेबाने पाहिलं तर आजही बरोबर आहे.

ती क्षणभरही थांबली नाही. "आधी जुलैचे काढा, भाई."

"अगं पण..."

"ऐका ना. मराठी त्या मुलांच्या तोंडात आहे. ते कुठे जात नाई. बाजारात भेटतेत, फोन करतेत, माझ्याशी मराठीतच बोलतेत. पण सहा वर्षांचं पोर कोलामीत कसं बोलते, ते त्या वयाचं पोरगंच सांगू शकते. ते मोठे झाले आता. आन नव्या बाईले मराठी येतेच की. जे नाही येत, ते तिला आधी द्या."

एवढ्या वर्षांत ती मला वादात हरवते याची सवय आहे, पण या वेळी वाद मी तिच्याच बाजूने घालत होतो आणि ती स्वतःच्या विरुद्ध.

भाईने शोधायच्या खान्यात एक हा आकडा टाकला. नावापुढे एक असलेल्या सगळ्या फाइली एकाखाली एक पडद्यावर आल्या, मुलांच्या नावांनी. त्याने त्या उचलून आपल्या डिस्कवर सोडल्या, आणि हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. डिस्क तापू नये म्हणून त्याने टेबलफॅन तिच्यावर रोखला. दुकानात तेवढा एकच पंखा होता. हवा डिस्कला आणि घाम आम्हाला.

वीज गेली तर डिस्क मधेच थांबेल म्हणून त्याने इन्व्हर्टरवरचं बाकी सगळं काढून टाकलं, अगदी ट्यूबलाइटसुद्धा. एक शेतकरी सातबाऱ्याची प्रिंट काढायला आला. भाई म्हणाला, "आज प्रिंटर बंद."

"चालू तं दिसते."

"दिसते चालू, पन आज बंद हाय. समोर जा, त्याच्याकडून काढा." समोरचा दुकानदार म्हणजे भाईचा धंद्यातला जुना वैरी, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. तो शेतकरी चकित होऊन गेला.

पट्टी चांगली सरकत असली की भाई गप्पा मारायचा. अडखळली की गप्प व्हायचा आणि आम्हीही गप्प व्हायचो. एखाद्या फाइलवर ती इतकी अडकायची की तो म्हणायचा, "वहिनी, ही सोडू?" पत्नी नाव वाचायची. दोनदा तिने सांगितलं, "थोडं थांबून पाहा." दोन्ही वेळा फाइल आली. तीनदा मात्र ती म्हणाली, "सोडा, पुढच्या मुलांना येऊ द्या." मी असतो तर एकेकासाठी अडून बसलो असतो. वर्गात एकासाठी किती थांबायचं आणि कधी पुढे जायचं, हे तिने रोज केलेलं काम होतं.

जुलैचे संपले. एकशे पंचावन्न. भाईने त्यातला एक मधलाच उघडून लावला. आधी वारा, मग कोंबडा, मग एका मुलीचा घाईघाईने सांगणारा आवाज. भाईला त्यातलं काही समजलं नाही, मलाही नाही. पत्नी ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मुलगी हसली, तेव्हा पत्नी आधीच हसायला लागली होती.

"काय म्हणते?" भाईने विचारलं.

"आईने शेजारणीशी भांडण केलं. कोण काय बोललं, सगळं सांगते. पूर्ण शिव्यांसकट."

"मंग हे नव्या बाईले देऊन राह्यले तुमी?"

"तेच आधी लागते शाळेत," ती म्हणाली.

त्यानंतर मार्चचे सुरू केले. एकोणतीस आले. तिसावा अर्धा असताना डिस्कमधून आवाज आला. टक्. थोडं थांबून, टक्. भाईने दुसरा आवाज पुरा व्हायच्या आत वीज तोडली. अर्धा तास गार होऊ दिली, ठिपके पुन्हा घासले, पुन्हा जोडली. नाव आलं नाही. फक्त तो टक् टक्.

"नागपूरले लॅबवाले हायेत," भाई म्हणाला. "ते डिस्क खोलून आतून काढतेत. म्या बी खोलू शकतो, हात चालते माहा. पन खोलणार नाई. माह्या दुकानात धूळ हाय. म्या एकदा खोलली तं मंग नागपूरवाला बी हात लावणार नाई." सगळं येतं म्हणणारा माणूस एवढं साधं वाक्य सरळ बोलला. त्याच्याबद्दल मला वाटणारा आदर त्या खोडरबरापेक्षा या वाक्यामुळे जास्त आहे.

मी नागपूरला न्यायच्या बाजूने होतो. पत्नी डिस्क हातात घेऊन बसली होती. अजून कोमट होती म्हणाली. मग ती भाईला म्हणाली, "नाही. झालं तेवढं पुरे. शाळा उघडायला महिनाच राहिला, मला हे त्या मुलीला ऐकवायला वेळ हवा."

संध्याकाळी ती ओसरीवर बसून म्हणाली, "मार्चमधले ते चांगले वाचणारे सगळे गेले हो." एवढंच. मग उठून कणीक मळायला गेली. मला वाटतं, तिला तेव्हाच रडू आलं असेल तर आलं असेल. मी आत गेलो नाही.

सुटलेल्या तीन जुलैच्या मुलांची नावं तिला पाठ होती. त्यातला एक आता ट्रॅक्टर चालवतो. दोन दिवसांनी तिने त्याला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"मॅडम, मी तेव्हा काय बोललो होतो, मले कसं आठवन?"

"तू तुझ्या कोंबडीबद्दल बोलला होतास. मुंगसाने नेली होती."

पलीकडे बराच वेळ हसणं. मग तो कोलामीत सांगू लागला. ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडून, लांबलचक, पुरुषी आवाजात. तिने रेकॉर्ड केलं, नावापुढे एक टाकला, आणि मला म्हणाली, "मुंगूस तेव्हा एक होतं. आता दोन झाले."

भाईच्या दुकानात नंतर मी एकदा गेलो, तर आत भिंतीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं होतं की कम्प्युटर कूलरसमोर ठेवू नये. समोरचा दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "पाहा, आधी यानंच ठेवाले लावले." भाईने आतूनच उत्तर दिलं, "होय, म्याच लावले होते. आता म्याच काढाले लावून राह्यलो. तुह्या भिंतीवर काय लिवलं हाय?" त्याने जुन्या गिऱ्हाइकांना फोनही केले, हे मला दोघा-तिघांकडून कळलं. बोरिंगचं पाणी असलेल्यांना आधी.

जून महिनाभर ती नवी शिक्षिका आठवड्यातून दोन-तीनदा घरी येत होती. दोघी कानाला इअरफोनची एकेक तार लावून बसायच्या. मुलगी एक वाक्य म्हणायची, पत्नी मान हलवायची आणि परत लावायची. घरात पुन्हा कोलामी मुलं बोलू लागली. मी कार्यालयातून आलो की दोघींसाठी चहा ठेवायचो, त्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता.

शाळा उघडायच्या दिवशी पत्नीला तिच्या नव्या गावी रुजू व्हायचं होतं, पण तिने आधी पोडावर नेऊन सोडा म्हटलं. आम्ही पोचलो तेव्हा वर्ग सुरू झाला होता. पत्नी आत गेली नाही, कडुलिंबाखाली थांबली. "मी दिसले तर सगळे माझ्याकडे धावतील," म्हणाली. तिथून वर्गाचं दार दिसत होतं.

पहिलीत नव्याने आलेलं एक पोर दाराला धरून उभं होतं, आत जायला तयार नव्हतं. रडून त्याचा चेहरा ओला झाला होता. नवी शिक्षिका येऊन त्याच्यासमोर पायरीवर बसली आणि कोलामीत काहीतरी बोलली. पोराचं रडणं थांबलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तेच वाक्य थोडं वेगळं करून तिला म्हणून दाखवलं. तिने त्याच्यामागे म्हटलं. त्याला पटलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द तोडून. तिने पुन्हा म्हटलं, आणि त्याने मान हलवली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"तुझ्या घरी बकरी आहे का," पत्नी म्हणाली. तिने मोटारसायकलवरची पिशवी सरळ केली आणि मागे बसली. "चला. मला उशीर होईल."